अँडीजमधील उच्चपर्वतीय वनरोपण

दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उजाड उतारांवर, मुख्यतः ३,५०० मी. पेक्षा अधिक उंचीवर, स्थानिक वृक्षांची पुन्हा लागवड करण्याचे कार्य. तीत पॉलिलेपिस प्रजातीतील (कुल–रोझेसी) वृक्षांना प्रमुख स्थान आहे. पेरूमध्ये त्यांस ‘केउन्या’ म्हणतात. हे वृक्ष वेडेवाकडे वाढतात. तांबूस सालीचे कागदासारखे अनेक पापुद्रे असून ते खोडाचे कडाक्याच्या थंडीपासून रक्षण करतात. बोलिव्हियातील साहामा ज्वालामुखीच्या उतारांवरील यांच्या वनांची गणना जगातील सर्वांत उंचावरील वनांत होते.

आज ही वने बहुधा खडकाळ घळींत तुकड्यातुकड्यांनीच उरली आहेत. ती निसर्गतः अशाच जागी वाढतात, असे पूर्वी मानीत. हाइन्त्स एलेनबेर्ख या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये याउलट प्रतिपादन केले : सरपणासाठी तोड, चराई आणि कुरणांस लावलेल्या आगी यांमुळे वने नाहीशी झाली व जेथे आग आणि गुरे पोहोचली नाहीत तेथेच ती टिकली. परागकणांच्या पुराव्यावरून मात्र काही भागांत मानवापूर्वीही ती विखुरलेलीच असावीत, असे दिसते. हा वाद केवळ पांडित्याचा नाही. मुळात गवताळ असलेल्या भूमीवर वृक्ष लावणे हितावह नसते.

तापमानवाढीने हिमनद्या आक्रसत असल्याने पाण्याचा प्रश्न येथे बिकट होत आहे. ही झाडे धुके अडवितात. त्यांखालील शेवाळ व सेंद्रिय मृदा पाणी धरून झऱ्यांना सावकाश पुरवितात. झाडांची वाढ मंद असल्याने कार्बन साठविण्यापेक्षा हाच लाभ अधिक निकटचा होय. एक्वादोरच्या पारामो या दमट गवताळ प्रदेशात १९९० नंतर कार्बन शोषणासाठी पाइन लावण्यात आले. तेथे मृदा कोरडी पडली, ओढ्यांचे पाणी घटले व काही ठिकाणी मृदेतील कार्बनही कमी झाला.

पॉलिलेपिसच्या बियांची उगवणक्षमता कमी असल्याने रोपे पुष्कळदा फांद्यांच्या छाटांपासून तयार करतात आणि पावसाळ्यात लावतात. कुस्को परिसरात ‘केउन्या रायमी’ या लागवडीच्या उत्सवात गावकरी रोपे पाठीवर वाहून डोंगरावर नेतात. ‘आइनी’ (परस्पर श्रमविनिमय) व ‘मिंका’ (सामुदायिक श्रम) या जुन्या प्रथांचा त्यास आधार आहे. २००० मध्ये पेरूत स्थापन झालेल्या एकोआन या संस्थेच्या अनुभवातून २०१८ मध्ये ‘आक्सिओन आंदिना’ ही अनेक देशांतील चळवळ उभी राहिली. तिला २०२३ मध्ये अर्थशॉट पारितोषिक मिळाले. रोपे जगण्यासाठी मेंढ्या, लामा व गुरे यांना काही वर्षे दूर ठेवावे लागते. पशुपालनावर जगणाऱ्या समुदायांना हा त्याग लहान नसतो. म्हणून कुंपण घालण्यापूर्वी ग्रामसभेची संमती घेतली जाते.