हरणाची बंदूक, स्वस्तातली
(बंदूक आणि परवाना : लेखांक ७)

गेल्या आठवड्यात परवान्याच्या अर्जापाशी थांबलो होतो. आज काडतुसांकडे वळायचं असं ठरवलं होतं, पण मध्ये ओहायोतल्या भाच्याचा फोन आला. मी रायपुरात, पंडरीच्या कपडा बाजारात चादरींचा भाव करत होतो. "मामा, हरणासाठी स्वस्तातली स्लग गन सांग ना. तू तर बंदुकांवर लिहितोस." गर्दीत ऐकू येईना म्हणून फोन स्पीकरवर टाकलेला. 'हरण' आणि 'गन' हे दोन शब्द लागोपाठ ऐकून दुकानदाराच्या हातातली मोजपट्टी थांबली. त्याचं बरोबरच होतं. पंडरीहून बारनवापाराचं अभयारण्य शंभरेक किलोमीटरवर आहे, तिथे चितळांचे कळप आहेत आणि या दोन शब्दांचा संबंध जोडणारा माणूस आपल्याकडे तुरुंगात जातो.

ते आधी उरकून टाकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली चितळ, सांबर, काळवीट यांची शिकार हा गुन्हा आहे. शिकार अभयारण्यात केली असेल तर शिक्षा तीन वर्षांच्या खाली येत नाही आणि सात वर्षांपर्यंत जाते. दंड वेगळा. ज्या बंदुकीने गुन्हा केला तिचा परवाना न्यायालय रद्द करू शकतं आणि पुढची पाच वर्षं दुसरा परवाना मिळणार नाही असंही सांगू शकतं. 'घरच्यापुरतं एखादं' म्हणून सूट नाही. तेव्हा "हरणासाठी कुठली बंदूक घेऊ" असं मला कोणी रायपुरातून विचारलं तर उत्तर एका शब्दाचं आहे : कुठलीही नाही.

पण याच शहराला हा प्रश्न एके काळी परका नव्हता. रायपूरचे विद्याचरण शुक्ल १९५७ मध्ये खासदार झाले, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याआधी नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून पदवी घेऊन त्यांनी 'ॲल्विन कूपर' नावाची कंपनी काढली होती आणि तिचा धंदा होता मध्य भारताच्या जंगलात शिकारीच्या मोहिमा काढून देण्याचा, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. तेव्हा जंगलाचे ब्लॉक पाडलेले असत, ब्लॉकचा परवाना निघे आणि कुठलं जनावर किती मारायचं ते त्यावर लिहिलेलं असे. परदेशी पाहुणा आपली रायफल घेऊन येई. गावातल्या मालगुजाराकडे मात्र बहुतेक वेळा एकच हत्यार असे, बारा बोअरची दुनळी.

आमच्या आजोबांकडेही तीच होती. त्यांची एक गोष्ट घरात फारशी सांगितली जात नसे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात त्यांनी साठ-सत्तर पावलांवरच्या चितळावर एलजी झाडली. एलजी म्हणजे मोजके, मोठे छर्रे. चितळ पडलं नाही, पळालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माणसं शोधत होती. सापडलं नाही. त्यानंतर आजोबांनी हरणावर एलजी कधी वापरली नाही. गोळी वापरायची, तीही चाळीस पावलांच्या आत, नाहीतर जनावर जाऊ द्यायचं, असा त्यांनी स्वतःशी नियम केला. भाच्याला मी जे सांगितलं ते सगळं या नियमातूनच निघतं.

एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसते ती बारा बोअर. नळीचा आतला व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत, कारण ती छर्ऱ्यांसाठी बनवलेली. तिच्यातून एकच मोठी गोळी मारायची तर ती सरळ कशी जाणार, ही जुनी अडचण. रायफलच्या नळीत पीळ असतो, त्याने गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि वाट सोडत नाही. इथे पीळ नाही. जर्मनीत विल्हेल्म ब्रेनेकेने १८९८ च्या सुमारास यावर तोडगा काढला : पुढे जड शिसं आणि मागे हलकी शेपटी. अमेरिकेत १९३० च्या दशकात कार्ल फॉस्टरची गोळी आली. तिचं डोकं जड आणि बूड पोकळ, अगदी बॅडमिंटनच्या फुलासारखी, म्हणून ती उलटीसुलटी न होता डोकं पुढे ठेवून जाते. हिलाच स्लग म्हणतात. तिच्या अंगावर तिरके खाचे असतात आणि त्यामुळे ती गरगर फिरते असं अनेक शिकारी शपथेवर सांगतात. खाच्यांचं खरं काम वेगळं आहे. नळीच्या तोंडाशी चोक असला, म्हणजे नळी तिथे आवळलेली असली, तर गोळीला दबून बाहेर पडायला त्यांनी जागा मिळते.

आपल्याकडच्या साहेबांना हेच दुखणं होतं. दिवसभर तितर मारायचे आणि वाटेत सांबर आलं तर त्यालाही गोळी घालायची, तर दोन हत्यारं कोण वाहणार? हिंदुस्थानात नोकरी केलेल्या कर्नल फॉसबेरीने १८८५ मध्ये नळीच्या फक्त शेवटच्या काही इंचांत पीळ पाडण्याचं पेटंट घेतलं. हॉलंड अँड हॉलंडने त्याची 'पॅराडॉक्स' बंदूक केली आणि इथल्या जंगलात ती फार चालली. आज अमेरिकेत नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायचा पीळदार चोक थोड्या डॉलरांत मिळतो. कल्पना तीच. फक्त तेव्हा ती लखपतींची होती.

आता ओहायो. सपाट शेतं, मध्ये मध्ये वस्ती. रायफलची गोळी फार लांब जाते, म्हणून ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा अशा राज्यांनी हरणासाठी वर्षानुवर्षं शॉटगनचाच, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचाच आग्रह धरला. तो आता सैल झाला आहे. ओहायोने २०१४ पासून सरळ पुंगळीच्या काडतुसांच्या काही रायफलींना मुभा दिली. म्हणून भाच्याला पहिला उलटा प्रश्न केला, "तुला स्लग गनच कशाला हवी?" त्याच्याकडे मित्राने दिलेली जुनी मॉसबर्ग ५०० होती. मग गोष्ट सोपी झाली. हातात चालू पंप गन असताना नवी बंदूक घेणं ही काटकसर नव्हे.

त्याला म्हटलं, आधी किती लांबून मारणार ते ठरव. झाडीत पन्नास यार्डांच्या आत मारणार असशील तर गुळगुळीत नळी, मोकळा किंवा जवळजवळ मोकळा चोक आणि साधी फॉस्टर गोळी पुरते. फक्त पुढच्या एका मण्यावर नेम धरू नकोस. पुढे माशी आणि मागे खाच असलेली स्लगची नळी वेगळी विकत मिळते, ती बसव. शेताच्या या बांधावरून त्या बांधावर मारायचं असेल तर पूर्ण पीळदार नळी हवी आणि तिच्यासाठी सॅबोची काडतुसं. सॅबो म्हणजे गोळीभोवतीचं प्लास्टिकचं आवरण. ते पीळ पकडतं आणि बाहेर पडलं की गळून जातं. पण ही काडतुसं साध्या स्लगच्या काही पट महाग असतात. बंदूक एकदाच घ्यायची, काडतुसं दर वर्षी. 'स्वस्त स्लग गन' घेणारे फसतात ते इथे, आणि मग पैसे वाचवायला सराव करत नाहीत. सॅबो गुळगुळीत नळीतून मारणं तर पैसे पाण्यात. पीळ नाही, तर ते पकडणार काय?

नव्याच बंदुकीचा हट्ट असेल तर मॉसबर्गचीच धाकटी बहीण मॅव्हरिक ८८ स्वस्त पडते आणि काम करते. एकनळी, एकबारी बंदूक त्याहून स्वस्त असते, पण मी ती सांगत नाही. हलक्या बंदुकीतून औंसभर शिसं सुटलं की खांद्याला असा दणका बसतो की तिसऱ्या गोळीला माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो. खांदा नाजूक असेल तर वीस बोअर घ्यावी. सॅव्हेजची २२० ही वीस बोअरची बोल्टची बंदूक नेमाला नावाजलेली आहे, पण ती काही स्वस्त नाही. पैसे उरलेच तर तीन वेगवेगळ्या कंपन्यांची स्लगं एकेक डबी आणावी, टेकू घेऊन पन्नास यार्डांवर पाच-पाच गोळ्या माराव्यात. ज्या कंपनीच्या पाचही हाताच्या पंजात मावतील ती आपल्या नळीची. प्रत्येक नळीची आवड वेगळी असते आणि ती डबीवर छापलेली नसते.

आणखी एक, अमेरिकेतल्या मराठी मुलांसाठी. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूक बाळगणं तिथल्या केंद्रीय कायद्याने एरवी गुन्हाच आहे. ज्या मोजक्या सवलती आहेत त्यांतली एक म्हणजे वैध शिकार परवाना. म्हणजे क्रम असा : आधी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम, मग परवाना, मग बंदुकीला हात. मित्राने नुसती 'ठेवायला' दिलेली बंदूकही यातून सुटत नाही. भाचा हे ऐकून जरा गप्प झाला. त्याने परवाना काढला होता का, हे मी फोनवर विचारलं नाही. पत्राने विचारलं.

आपल्याकडे गुळगुळीत नळी उरली आहे ती शेताच्या राखणीला. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम १३ वाचा. पीकसंरक्षणासाठी कायद्याच्या मनात पहिली येते ती तोंडाने भरायची बंदूक, छत्तीसगडात जिला भरमार म्हणतात आणि कोकणात ठासणीची. ती पुरेशी नाही असं परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटलं तरच वीस इंचांहून आखूड नसलेल्या नळीची दुसरी गुळगुळीत बंदूक मिळू शकते. पण हा परवाना बंदुकीचा आहे, जनावराचा नाही. महाराष्ट्रात पिकांची नासाडी करणारं रानडुक्कर मारायलाही वनखात्याची परवानगी वेगळी घ्यावी लागते. हा फरक न कळल्यामुळे सरळमार्गी शेतकरी आरोपी झालेले आहेत.

काडतुसांचं मी पुढच्या लेखांकात सविस्तर लिहीन, कारण त्यातला बराच इतिहास पुण्याच्या खडकीत आहे. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ चा.

तोवर एक विनंती. माळ्यावर आजोबांची दुनळी असेल, परवाना त्यांच्याबरोबर गेला असेल, तर ती 'आठवण' म्हणून ठेवू नका. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि वारसाच्या नावाने अर्ज करा. आणि परवाना हातात आला तरी जाणकाराने नळी तपासल्याशिवाय तिच्यात आजचं काडतूस घालू नका. जुन्या पुष्कळ बंदुकांचं घर अडीच इंची काडतुसाचं असतं. आजचं सत्तर मिलिमीटरचं त्यात सहज बसतं, आणि धोका तोच आहे : उडाल्यावर त्याचं तोंड उघडायला पुढे जागा नसते.