पाण्यातून गेलेली जीप आणि दुधाळ तेल

पावसाळ्यात कांजूरमार्गच्या सखल रस्त्यांवर पाणी साचलं की जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या त्यातून बिनधास्त जातात. धोका डोळ्यांना दिसत नाही. चालून तापलेला अ‍ॅक्सल पाण्यात बुडताच थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदरमधून (हवा ये-जा करण्याच्या भोकातून) किंवा झिजलेल्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेल दुधाळ होतं. अशा तेलाचा थर डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन या गिअरजोडीच्या दातांमध्ये टिकत नाही.

महिंद्राने मुंबईत जुळवलेल्या विलीज जीपच्या वंशातल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना डिफरन्शियल दोन, पुढे आणि मागे. पुढचं हमखास विसरलं जातं!

तेल दुधाळ दिसलं, तर दोन्हीकडचं बदला. त्यासाठी गाडी थोडी चालवून तेल कोमट करा, म्हणजे ते गाळासकट निथळेल. मात्र आधी भरायचा प्लग सुटतो का ते पाहा. तो गंजून अडकला असेल, तर तेल काढलेली गाडी जागेवरच अडकेल. क्राउन-पिनियन हे हायपॉइड गिअर; त्यांचे दात एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त जीएल-5 तेल लागतं. किती दाट, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. भरायच्या प्लगच्या भोकाच्या काठापर्यंत भरा. काढलेल्या तेलात बारीक राखाडी गाळ चालतो, पोलादाच्या कपच्या चालत नाहीत. आणि ते तेल गटारात अजिबात ओतू नका, ठाण्याची खाडी आणि तिची खारफुटी इथून जवळच आहे.