मोत्याला चीज? वाटाण्याएवढंच!

मुलांनो, डबा उघडला की चीजच्या वासाने मोत्या शेपूट हलवत येतोच ना? मग अख्खी वडी त्याला भरवावीशी वाटते. पण जरा थांबा!

पिल्लू आईचं दूध सहज पचवतं. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवण्याची ही ताकद मोठेपणी कमी होते. म्हणून कित्येक कुत्र्यांना दुधाने जुलाब होतात. चीजमध्ये लॅक्टोज कमी असतं, पण मीठ आणि चरबी मात्र भरपूर! ५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३५० कॅलरी लागतात. २५ ग्रॅमच्या एका वडीतच सुमारे ७५ असतात! खाऊ मात्र दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांवर जाऊ नये. फार चरबीने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग उलट्या सुरू होतात, कधी जिवावरही बेततं.

कांदा-लसूण घातलेलं चीज तर मुळीच नको. त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. निळ्या बुरशीचं चीजही नको.

मग द्यायचं कसं? ‘बस’ म्हटल्यावर शहाण्यासारखा बसला, की वाटाण्याएवढा तुकडा! बक्षीस मिळाल्याचा आनंद त्याला तेवढ्यानेही होतो. पहिल्यांदा दिलंत, तर दिवसभर लक्ष ठेवा. पोट दुखतंय हे मोत्याला सांगता येत नाही. ते तुम्हीच ओळखायचं, बरं का!