भातपिकाच्या वाढीचे निरीक्षण
लावणीपासून कापणीपर्यंत पिकाची उंची, फुटवे, पानांचा रंग व लोंब्या यांची ठराविक अंतराने नोंद करून खत व पाणी यांविषयी निर्णय घेण्याची पद्धती. जमीन जागोजाग बदलते, तेथे तिला विशेष महत्त्व येते. रायगड जिल्ह्यातील कर्जत व खालापूर हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके याचे चांगले उदाहरण होत.

येथील डोंगरउतारावरील वरकस जमीन उथळ, तांबूस व मुरमाड असते. खालच्या खाचरांत वाहून आलेला बारीक गाळ साचतो व पाणी टिकून राहते. म्हणून वरच्या खाचरांत हळव्या व खोलगट खाचरांत गरव्या जाती लावण्याची जुनी रीत आहे. जमिनीतील भेदांचा हा एक अलिखित नकाशाच म्हणता येईल. पावसाळ्यात पाणी बांधावरून एका खाचरातून दुसऱ्यात उतरते व विरघळलेले नत्रही बरोबर नेते. परिणामी वरचे पीक फिकट पडते, तर खालचे गर्द हिरवे होऊन पुढे लोळते. सर्वत्र सारखाच युरिया टाकल्यास दोन्हीकडे नुकसान होते.

भिवपुरी येथील जलविद्युत् केंद्रातून (१९२२) बाहेर पडणाऱ्या पाण्यावर राजनाला कालव्याच्या क्षेत्रात उन्हाळी भात घेतात. या हंगामात ऊन भरपूर असते व पाणी हाती असते; त्यामुळे पिकातील फरकावरून जमिनीचा फरक अधिक स्पष्टपणे ओळखता येतो.

निरीक्षणाचे सोपे साधन म्हणजे हिरव्या छटांची पर्णरंग पट्टी. लावणीनंतर सु. १४ दिवसांपासून फुलोऱ्यापर्यंत दर ७ ते १० दिवसांनी खाचरातील १० चुडांचे सर्वांत वरचे, पूर्ण उलगडलेले पान तिच्याशी ताडून पाहतात. पान अंगाच्या सावलीत धरावे लागते, कारण उन्हात छटा बदललेली भासते. लावणीच्या भातासाठी सामान्यतः चौथी छटा ही मर्यादा मानतात; सहा वा अधिक पाने तीहून फिकट आढळल्यास नत्राचा हप्ता देतात. मात्र गंधकाच्या वा जस्ताच्या कमतरतेनेही पाने पिवळसर होतात आणि पट्टी हा भेद सांगत नाही. तसेच काही जातींची पानेच मुळात फिकट असतात. कर्जत येथील भात संशोधन केंद्राने (स्थापना १९१९) कर्जत-३, कर्जत-१८४ इ. जाती दिल्या आहेत; अशा प्रत्येक जातीसाठी मर्यादा स्थानिक चाचणीने पडताळून घेणे इष्ट होय.

उपग्रहाद्वारेही निरीक्षण करता येते. जोमदार पीक तांबडा प्रकाश शोषते व निकट-अवरक्त किरण परावर्तित करते. या दोहोंच्या तुलनेवरून हिरवेपणाचा निर्देशांक काढतात. आयआरएस-१ए (१९८८) या भारतीय उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याचा चित्रबिंदू सु. ७२ मी. बाजूचा, म्हणजे ५० गुंठ्यांहून मोठा होता. २०१५ मध्ये सोडलेल्या यूरोपीय सेंटिनेल-२ए उपग्रहाचा बिंदू १० मी. बाजूचा, जवळजवळ १ गुंठ्याएवढा आहे. तरीही उतारावरील चिंचोळ्या खाचरांत बांध, गवत व शेजारचे पीक एकाच बिंदूत मिसळतात. खरिपात तर ढगांमुळे प्रकाशचित्रे क्वचितच मिळतात. तेव्हा ढगांतून पार जाणारे रडार उपयोगी पडते : चिखलणीनंतर पाण्याने भरलेले खाचर त्याच्या चित्रात काळे दिसते व फुटवे वाढतील तसतसे उजळत जाते.