‘बरं हाय’च्या आड दडलेली धडधड

उदगीरच्या मोंढ्यात आयुष्यभर तुरीची पोती वाहिलेल्या हमालाला दवाखान्यात विचारा, “दम लागतो का?” उत्तर येईल, “नाय सायेब, बरं हाय.” ते खोटं नसतं. पोती उचलणं सोडून तो कधीचाच काट्यापाशी बसायला लागलेला असतो. बसल्याजागी कसला दम लागणार? हृदयाची लय बिघडल्यावर त्रास मोजणं अवघड जातं ते इथेच.

या बिघाडांपैकी नेहमी आढळणारा म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात आणि नाडी बेताल पडते.

गैरसमज : हा म्हाताऱ्यांचा आजार.

पाश्चात्त्य देशांत बहुतांशी तसं आहे. आपल्याकडे इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २४ केंद्रांतल्या १,५३७ रुग्णांची नोंद ठेवली, ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचं सरासरी वय ५५ च्या आत होतं. जवळपास निम्म्यांना ऱ्हुमॅटिक आजाराने झडपा खराब झालेल्या होत्या. म्हणजे मूळ लहानपणी घसा सुजून आलेल्या, अंगावर काढलेल्या आजारपणात. हे ऐन कमावत्या वयातले लोक, त्यामुळे ‘काम जमतं का’ हा प्रश्न इथे जास्तच बोचतो.

गैरसमज : ईसीजी काढला की सगळं कळतं.

ईसीजीची पट्टी साधारण दहा सेकंदांची. धडधड येऊन जाणारी असेल तर दवाखान्यात पोचेपर्यंत लय सरळ झालेली असते आणि घरचे म्हणतात, “पित्त असंल.” म्हणून २४ तासांचं होल्टर लावतात. पण ईसीजी काय नि होल्टर काय, ठोके दाखवतात. माणसाचा दिवस कसा गेला ते दाखवत नाहीत.

त्यासाठी वेगळं माप लागतं. युरोपातल्या हृदयलय-तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्ये चार पायऱ्या ठरवल्या : त्रास नाही, सौम्य त्रास, कामात अडथळा, काम बंद. २०१४ मध्ये दुसऱ्या पायरीचे दोन भाग सुचवले गेले. दोन्हींत रोजची कामं चालूच असतात. पण ‘२अ’मध्ये माणसाला त्याचं काही वाटत नाही आणि ‘२ब’मध्ये धडधड खुपते, जीव धास्तावतो. मला ही फोड फार शहाणपणाची वाटते. धुणी-भांडी, स्वयंपाक सगळं उरकणारी, पण रात्री छातीवर हात ठेवून जागी राहणारी बाई आधी ‘सौम्य’मध्ये जमा होत होती.

ही पायरी डॉक्टर ठरवतात. रुग्णाने स्वतः भरायची ‘एफेक्ट’ नावाची प्रश्नावली २०११ मध्ये आली. मागच्या चार आठवड्यांबद्दल वीस प्रश्न, गुण ० ते १००. शंभर म्हणजे त्रास नाही. भरभर चालणं, जिना चढणं, घरकाम, छंद, औषधांची धास्ती असं त्यात विचारतात. पाच गुणांचा फरकही रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात. आपल्याकडे त्यात पाण्याची घागर, वाकून खुरपणं आणि जमिनीवरून उठणं घालायला हवं. आणि सोबत एक प्रश्न : दोन वर्षांपूर्वी करत होता, आता सोडलं, असं काय आहे?

गैरसमज : नाडी जितकी कमी, तितका आराम.

नेदरलँड्समधल्या २०१०च्या ‘रेस-२’ अभ्यासात एका गटाची नाडी विश्रांतीत ८०च्या खाली आणली, दुसऱ्याची ११०च्या खाली ठेवली. त्रासात म्हणावा असा फरक पडला नाही. अर्थात, डोस घरी बसून कमी-जास्त करायला हे निमित्त नव्हे.

गैरसमज : त्रास नाही म्हणजे धोका नाही.

हा सगळ्यांत महागात पडणारा. पहिल्या पायरीवरच्या, काहीच न जाणवणाऱ्या माणसाच्याही हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की लकवा. या आजाराने लकव्याचा धोका सुमारे पाचपट होतो, असं अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात दिसलं. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही हे त्रासाच्या गुणांवर ठरत नाही. वय, बीपी, साखर, झडपांची अवस्था यांवर ठरतं. त्यामुळे “आता बरं वाटतंय” म्हणून ती परस्पर बंद करता येत नाही. झडप आकसलेल्यांसाठी तर जुनी वॉर्फरिनच्या कुळातली गोळीच बरी : २०२२च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत सुमारे साडेचार हजार ऱ्हुमॅटिक रुग्णांमध्ये ती नव्या गोळीपेक्षा सरस ठरली, मृत्यूही कमी झाले. तिच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप, तपासत राहावं लागतं. पालेभाज्यांनी या गोळीचा असर कमी-जास्त होतो, तरी मेथी-पालक सोडायची गरज नसते, फक्त आठवडाभर काही नाही आणि मग रोज जुडीभर, असं करू नये.