पाऊण तास रंगांचा

चित्र काढल्याने ताण खरंच उतरतो का? अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी ते चक्क लाळेवरून तपासले. ३९ निरोगी प्रौढांना ४५ मिनिटे रंगीत पेन, माती आणि कोलाजचे साहित्य दिले. आधी आणि नंतर लाळेतील कॉर्टिसोल, म्हणजे ताणात वाढणारे संप्रेरक, मोजले. २०१६मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: सुमारे ७५ टक्के जणांत ते घटले होते. चित्रकलेचा सराव असो वा नसो, विशेष फरक नव्हता. काहींचे मात्र वाढले. शिवाय तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

रुग्णालयात अडचण वेगळीच. रुग्णाकडे वेळ असतो, पण हाताला सलाइन. रात्रपाळीच्या परिचारिकेला तर अनेकदा जेवायलाही पाऊण तास मिळत नाही; रंगपेटी देण्याआधी तिच्या पाळीत तेवढी सवड काढावी लागेल.