वाळूचा ढीग खरंच २ ब्रासचा आहे का? टेपने असं मोजा

बांधकामाची वाळू ब्रासवर विकली जाते. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रक रिकामा झाला की दारात उरतो तो ढीग. ‘२ ब्रास टाकलीय’ हे खरं की खोटं, ते मोजायला दहावीच्या पुस्तकातला शंकू पुरेसा आहे.

मोजायचं काय?
फावड्याने ढीग सारखा करून त्याला शंकूचा आकार द्या. मग दोनच मापं घ्या: जमिनीलगतचा घेर आणि मधली उंची. उंचीसाठी शेंड्यातून सळई जमिनीपर्यंत उभी खुपसा.

सूत्र काय?
तळ आणि उंची सारखी असेल, तर शंकूचं घनफळ वृत्तचितीच्या एक तृतीयांश भरतं. त्यावरून सोपं सूत्र निघतं: घेर × घेर × उंची ÷ ३७.७.

समजा, घेर ४० फूट आणि उंची ४ फूट आहे. ४० × ४० × ४ ÷ ३७.७ = सुमारे १७० घनफूट, म्हणजे १.७ ब्रास. पैसे २ ब्रासचे दिले असतील, तर ३० घनफूट वाळू कमी आली.

चूक कुठे होते?
टेप उतारावरून लावला तर याच ढिगाची ‘उंची’ साडेसात फूट येते आणि हिशेब ३.२ ब्रासवर जातो. दुसरं म्हणजे ओलावा. किंचित ओली वाळू फुगते; बारीक वाळूचं आकारमान २० टक्क्यांहून जास्त वाढू शकतं. त्यामुळे वाळू शक्यतो कोरडी असताना मोजा.

ढीग भिंतीला टेकलेला असेल तर?
तो अर्धा शंकू असतो. मोजलेला घेर दुप्पट धरा, सूत्र लावा आणि उत्तर निम्मं करा.

ताडपत्री किती लागेल?
इथे मात्र उताराची लांबीच हवी. अर्धा घेर × उताराची लांबी: २० × ७.५ = १५० चौरस फूट. दुमडीसाठी थोडी जास्त घ्या.

हे गणित किती जुनं?
भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ.स. ११५०) धान्याची रास मोजायची रीत आहे: घेराच्या सहाव्या भागाचा वर्ग गुणिले उंची. त्यात पाय ३ धरला आहे, म्हणून उत्तर सुमारे ५ टक्के जास्त येतं. भिंतीला टेकलेल्या राशीचा नियमही तिथे आहे.